चार हिरव्या प्लेट्स: आरोग्य विभाग आणि अन्न व औषध प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र शासन

विषय: जेवणातून झालेल्या साथींमधले जंतू जपून ठेवणे व त्यांचे जनुकीय वाचन करणे याबाबत.

महोदय, महोदया,

विषयाची ओळ अगदीच सरकारी झाली, पण अठ्ठावीस वर्षं रजिस्टरं भरल्यावर हाताला तेच वळण लागतं. मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. आमचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग म्हणजे एक इन्क्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह, खिडकीजवळचं टेबल आणि मी. दोन्ही खात्यांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. आजारी माणूस एका खात्याचा आणि त्यानं खाल्लेलं जेवण दुसऱ्या खात्याचं, ही जी वाटणी आहे तिच्यामुळेच पुढची गोष्ट घडली.

गोष्ट एका मे महिन्यातली. वर्ष सांगत नाही आणि गावाचं नावही घेत नाही, कारण काकींना पुन्हा त्यात ओढायचं नाही. काकी म्हणजे समुद्राकाठी न्याहारी-निवास चालवणाऱ्या एक बाई. वर तीन खोल्या, मागे पडवीत स्वयंपाक. पुण्याहून चौतीस जणांचा ग्रुप आला होता, निम्मे त्यांच्याकडे आणि निम्मे शेजारी उतरलेले. रात्रीचं जेवण सगळ्यांचं काकींकडे: तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, तवशाची (काकडीची) कोशिंबीर, भात, सोलकढी. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत एकोणीस जण आमच्या वॉर्डात आले. खाटा संपल्या तेव्हा दोघांना कॉरिडॉरमध्ये बाकावर सलाईन लावलं.

डॉक्टरांनी उपचार तातडीनं सुरू केले, ते बरोबरच होतं. मी मध्ये घुसून "सर, अँटिबायोटिक द्यायच्या आधी स्वॅब घेऊ द्या" म्हटलं. ते हो म्हणाले, पण मी कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे स्वॅबमधला जंतू जिवंत राखणाऱ्या माध्यमाच्या, नळ्या शोधून आणेपर्यंत बहुतेकांना पहिला डोस गेलाही होता. पाच जणांचे स्वॅब मिळाले. रात्री अकराला ते टीसीबीएसच्या प्लेट्सवर लावले आणि घरी गेले.

ज्यांनी टीसीबीएस कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गडद हिरव्या जेलीसारखं माध्यम असतं आणि त्यात साखर घातलेली असते. पटकीचा जंतू ती साखर आंबवतो, त्यामुळे त्याच्या वसाहती पिवळ्याधमक दिसतात. त्याच्या भाऊबंदांतला एक जण त्या साखरेला हात लावत नाही आणि हिरवाच राहतो. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर पाचपैकी चार प्लेट्सवर टाचणीच्या डोक्याहून थोडे मोठे हिरवे, ओलसर ठिपके. मिठाच्या नळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी बिनमिठाची नळी स्वच्छ आणि तीन टक्के मिठाची गढूळ. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. हा खाऱ्या पाण्यातला जंतू. मे महिन्यात पाणी कोमट झालं की खाडीत, शिंपल्यांत, मासळीच्या कल्ल्यांत त्याची चंगळ असते. उबेत ठेवलेल्या मासळीवर तो दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. गोड्या पाण्यात त्याचं काही चालत नाही.

इकडे हे चालू असताना तिकडे आरोग्य पथक गावात जाऊन काकींच्या विहिरीचं पाणी घेऊन गेलं. ओटी टेस्टमध्ये क्लोरीन शून्य, नमुना पुढे तपासणीला, आणि अहवाल "पिण्यास अयोग्य". मे महिन्यात तळ गाठलेली उघडी विहीर, तिचा अहवाल आणखी काय येणार? विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली, वर्तमानपत्रात "दूषित पाण्यामुळे पर्यटकांना विषबाधा" असं आलं, आणि फाइल मिटली. माझा अहवाल त्याच फाइलमध्ये जोडलेला होता. खारट जंतू गोड्या विहिरीतून कसा आला, हे मला कोणी विचारलं नाही. आणि मीही उठून सांगायला गेले नाही, हेही इथेच कबूल करते.

काकी मात्र माझ्या खिडकीशी आल्या होत्या. "गो बाये, चाळीस वर्सां रांदतंय मी. आजपातूर कोणाचा पोट बिगडूक नाय. तुका काय गावला ता सांग माका." मी म्हटलं, काकी, अहवाल साहेबांना दिलाय. सरकारी नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडतं.

चौथ्या दिवशी मी त्या प्लेट्स ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या. १२१ अंश, पंधरा मिनिटं. अहवाल गेला होता, इन्क्युबेटरमध्ये जागा हवी होती, आणि जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती. नियमाप्रमाणे सगळं चोख झालं.

नवव्या दिवशी कोल्हापूरहून माझ्या डीएमएलटीच्या, म्हणजे तंत्रज्ञ पदविकेच्या वेळच्या, मैत्रिणीचा फोन आला. ती तिथे एका खासगी लॅबमध्ये असते. "अगं, तुमच्या बाजूला काही चाललंय का? माझ्याकडे दोन पेशंटच्या टीसीबीएसवर हिरवं आलंय. दोघंही किनाऱ्यावर जाऊन आलेत." एक जण देवगडकडे उतरला होता, दुसरा वेंगुर्ल्याला. काकींच्या गावात दोघांपैकी कोणी पाऊलही टाकलं नव्हतं. "तुझ्या प्लेट्स पाठव," ती म्हणाली, "माझ्याही पाठवते. दोन्ही एकत्र कुठेतरी तपासून घेऊ." कुठल्या प्लेट्स पाठवणार होते मी!

माझ्याकडचे चार आणि तिच्याकडचे दोन, हे सहा जंतू एकाच वाणाचे निघाले असते तर त्याचा अर्थ सरळ होता. दोष काकींच्या पडवीत नव्हता, तीन तालुक्यांना माल पुरवणाऱ्या कुठल्या तरी एका ठिकाणी होता: तिसऱ्यांच्या एखाद्या पाटीत, नाहीतर मासळीबरोबर फिरणाऱ्या लादीच्या बर्फात. वाण वेगळे निघाले असते तर तेही कळलं असतं. मग काकींना खरंच विचारावं लागलं असतं की, ज्या आडाळीवर (विळीवर) मासळी कापली तिच्यावरच तवसं चिरलं का. (बर्फ सोलकढीच्या पातेल्याखाली ठेवला होता, आत नव्हता, असं त्या शपथेवर सांगतात. माझा त्यांच्यावर विश्वास आहे, पण विश्वास म्हणजे पुरावा नाही.) आम्हाला दोन्हीपैकी काहीच कळलं नाही. काकींचा तो मोसम बुडाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी पाटी उतरवली.

आता "वाण" म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी मागणी त्या एका शब्दावर उभी आहे. आपल्याकडे ते समजायला सोपं आहे. हापूसच्या एका मातृवृक्षावरून शंभर कलमं बांधली की शंभरही झाडं त्याच झाडाची. कोयीतून आलेला रायवळ मात्र दर झाडाला निराळा. जंतूची वाढ कलमासारखी असते. एकाचे दोन, दोनाचे चार, प्रत्येक जण आधीच्याची हुबेहूब नक्कल. नक्कल उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या वंशात उतरते. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचा जनुकीय मजकूर ५० लाख अक्षरांहून थोडा जास्त आहे. दोन रुग्णांचे जंतू अक्षर-अक्षर ताडून पाहिले आणि फरक बोटांवर मोजण्याइतकाच निघाला, तर दोघंही हल्लीच एका झाडावरून उतरलेली कलमं समजायची. फरक हजारांत गेला तर आंबे वेगवेगळ्या बागांचे, पेटीवर "देवगड" लिहिलेलं असलं तरी. पेटीवरच्या नावाचं काय मोल असतं हे इथे कोणाला सांगायला नको.

प्लेटवर बघून हे कळत नाही. हिरवा ठिपका हिरव्या ठिपक्यासारखाच दिसतो.

हे काही कालपरवाचं शास्त्र नाही. सगळी अक्षरं वाचणं परवडत नव्हतं तेव्हा जंतूचा डीएनए ठरावीक जागी कापून त्याचे तुकडे जेलमध्ये विजेच्या दाबाखाली पळवायचे. दाबाची दिशा सारखी बदलत ठेवायची, म्हणजे मोठे तुकडेही वेगळे होतात. दिवसभरानंतर जेलवर दुकानातल्या बारकोडसारखे पट्टे दिसायचे. दोन रुग्णांचे पट्टे जुळले तर संशय पक्का होत जायचा. ही पद्धत १९८४ ची. १९९३ मध्ये अमेरिकेत नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ ची साथ आली. ७०० हून जास्त माणसं आजारी पडली आणि चार मुलं गेली. रुग्णांमधला जंतू आणि मांसातला जंतू एकच असल्याचं या पट्ट्यांनी दाखवलं. त्यातून १९९६ मध्ये तिथे पल्सनेट नावाचं जाळं उभं राहिलं. प्रत्येक राज्याच्या प्रयोगशाळेनं एकाच पद्धतीनं पट्टे काढायचे आणि एकाच सामाईक नोंदवहीत टाकायचे. या गावात दोन रुग्ण आणि हजार किलोमीटरवर तीन, असे विखुरलेले पाच जण, ज्यांना एरवी साथ असं कोणी म्हटलंच नसतं, ते त्या नोंदवहीत शेजारी-शेजारी येऊन बसू लागले. २०१९ पासून पट्टे गेले आणि त्यांच्या जागी संपूर्ण जनुकीय मजकूर वाचला जाऊ लागला.

हे विखुरणं आपल्या किनाऱ्याला नेमकं लागू पडतं. पर्यटक शनिवारी रात्री इथे जेवतो, रविवारी संध्याकाळी गाडी काढतो आणि सोमवारी पुण्यात, मुंबईत किंवा बेळगावात आजारी पडतो. गणपतीत तर चाकरमान्यांची अख्खी घरंच्या घरं पाचव्या किंवा सातव्या दिवशी परतीच्या गाडीत असतात. इथे जे जेवण बाधलं त्याचे रुग्ण ठाण्यात, डोंबिवलीत, विरारला, एकेका डॉक्टरकडे एक-एक. ते कोणाच्या साथीत मोजणार? आयएचआयपी या सरकारी रोगनोंदणी पोर्टलवर आपण जिल्ह्याप्रमाणे आकडे भरतो, पण जंतू महामार्गानं जातो.

दुसऱ्या एका साथीची हकिगत सांगते. ती वाचताना मला सारख्या काकी आठवत होत्या. मे २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या ओ१०४ या वाणाची भयंकर साथ आली. ३,८०० हून जास्त आजारी, ५० हून जास्त मृत्यू, शेकडो जणांची मूत्रपिंडं गेली. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांना स्पेनहून आलेल्या काकड्यांवर विषारी ई. कोलाय सापडला आणि त्यांनी तसं जाहीर करून टाकलं. लोकांनी काकडी सोडली, मग भाजीच सोडली. स्पॅनिश शेतकऱ्यांनी उभा माल जनावरांना घातला. पाच-सहा दिवसांनी जंतू नीट ताडून पाहिले तेव्हा कळलं की काकडीवरचा वाण आणि रुग्णांमधला वाण वेगळे आहेत. काकडीवर जंतू होता, पण त्या साथीचा नव्हता. आमच्या विहिरीतही जंतू होताच की. फरक एवढाच की स्पेनच्या काकडीला आठवड्याच्या आत निर्दोष ठरवणारं कोणी तरी होतं.

खरं कारण निघालं मेथीचे मोड. इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांचे, जर्मनीतल्या एका शेतावर आणलेले मोड. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याच सुमारास काही जण आजारी पडले, तिथेही तोच वाण आणि दाण्यांचा माग काढला तर तीच खेप. आता यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट अशी की मोड शोधले ते यंत्रानं नाही. आजारी माणसांना काय खाल्लं ते विचारलं तर मोडांचं नाव फार थोड्यांनी घेतलं, कारण वरून भुरभुरवलेलं कोणाच्या लक्षात राहतं? मग तपास पथकानं एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाक्याला गाठलं, कुठल्या पदार्थात काय-काय घालतोस ते विचारलं, आणि कोणी कोणता पदार्थ मागवला होता त्याच्याशी ते ताडलं. त्यातून मोड बाहेर आले. म्हणून यंत्र घेतलं की काम झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आशाताईनं घरोघरी जाऊन "कोशिंबीर घेतलेली का?" असं विचारणं आणि यंत्रानं अक्षरं वाचणं, दोन्ही लागतं. एकट्या यंत्राला दोन जंतू सख्खे आहेत एवढंच कळतं. ते कुठे भेटले ते माणसांकडूनच कळतं.

दक्षिण आफ्रिकेतलंही असंच. २०१७-१८ मध्ये तिथे लिस्टेरियाची साथ महिनोन् महिने चालली, १,००० हून जास्त रुग्ण आणि २१६ मृत्यू. या जंतूची एक खोड अशी की खाल्ल्यापासून आजारी पडेपर्यंत कधीकधी दोन महिने जातात. दोन महिन्यांपूर्वी काय जेवलात, हे कोण सांगू शकेल? जंतूंचं जनुकीय वाचन तिथे सुरू होतं, त्यामुळे बहुतेक रुग्णांत एकच वाण आहे हे माहीत होतं. कशातून येतो ते सापडत नव्हतं. शेवटी जोहान्सबर्गमधल्या एका पाळणाघरातली काही मुलं जुलाबांनी रुग्णालयात आली, पाळणाघराच्या फ्रिजमधलं पोलोनी, म्हणजे सॉसेजसारखं तयार मांस, तपासायला नेलं, आणि त्याचा माग एका कारखान्यापर्यंत गेला. कारखान्यात तोच वाण बसलेला होता. नळीतला जंतू आधीपासून वाचून ठेवलेला होता म्हणून तो ओळखता आला.

"हे सगळं परदेशात" असं कोणी म्हणायच्या आधी कोलकात्याचं सांगते. माझ्या चार प्लेट्सवरचा जो जंतू, त्याचा शोध १९५० मध्ये जपानात ओसाकाला लागला. तारलीची अर्धवट सुकवलेली पिल्लं खाऊन २७२ माणसं आजारी पडली होती, २० दगावली. पुढे कित्येक वर्षं असं होतं की जिथे साथ तिथला वाण, दर ठिकाणी वेगळा. मग फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलकात्यातल्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात जुलाबाच्या रुग्णांत ओ३:के६ नावाचा एकच वाण एकाएकी भराभर सापडू लागला. तिथले जंतू जपून ठेवलेले होते. आग्नेय आशियातून जपानला परतलेल्या प्रवाशांत सापडलेल्या जंतूंशी ते जनुकीय पद्धतीनं ताडले, तर ओळखू न येण्याइतके सारखे. पुढे तोच वाण अमेरिकेत कालवांतून, तिकडे चिलीत, असा जगभर गेला. जगाला त्याची पहिली खबर मिळाली ती आपल्या देशातल्या एका वॉर्डातून, कारण तिथे कोणीतरी नळ्या फेकल्या नव्हत्या.

आणि कोकणाला तरी हे नवीन कुठे आहे? जून २०२१ मध्ये राज्यात कोविडच्या "डेल्टा प्लस"चे पहिले २१ रुग्ण जाहीर झाले, त्यांतले सर्वाधिक ९ रत्नागिरीचे होते आणि एक आमच्या सिंधुदुर्गातला. संगमेश्वरची गावं बंद झाली होती. तेव्हा वाडीवरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी "जिनोम" हा शब्द आला. डिसेंबर २०२० मध्ये देशात कोविडच्या विषाणूचं जनुकीय वाचन करणारं १० प्रयोगशाळांचं इन्साकॉग हे जाळं उभं राहिलं, त्यांतल्या दोन पुण्यातल्या. म्हणजे इथला स्वॅब थर्मोकोलच्या डब्यात बसून पुण्यापर्यंत जाऊ शकतो आणि त्याचं वाचन होऊन परत येऊ शकतं, हे आपण एकदा करून दाखवलेलं आहे. विषाणूसाठी केलं, जुलाबाच्या जंतूसाठी करत नाही. जुलाबाला आपण आजार मानत नाही, बाधलं म्हणतो.

आता या पद्धतीला काय जमत नाही तेही सांगते, नाहीतर तुमच्यातलाच एखादा जाणकार पत्र बाजूला ठेवील. बांगडा उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं. ते विष आहे, रुग्णाच्या शौचात जंतू शोधून काही हाती लागत नाही. उरलेला बांगडा तपासायला हवा. भंडाऱ्यातल्या दुधी मिठाईतला स्टॅफिलोकोकस किंवा उबेत राहिलेल्या भातातला बॅसिलस सेरियस, यांचंही विष आधी बाधतं. तिथे उरलेलं अन्न आणि उलटी महत्त्वाची. नोरोसारख्या विषाणूंची पद्धत वेगळी. पण साल्मोनेला, शिगेला, ई. कोलाय, व्हिब्रिओ, म्हणजे वॉर्ड भरवणारे जे नेहमीचे आहेत, त्यांच्यासाठी आज याहून चांगलं साधन नाही.

मग मागणी काय? पहिली अगदी स्वस्त आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कॅरी-ब्लेअरच्या दहा नळ्या मुदत न संपलेल्या असाव्यात, कपाटाच्या किल्लीसकट. (आमच्याकडच्या त्या दिवशी सापडल्या त्या मुदतीतल्या होत्या, हा योगायोग होता.) साथ वाटली की अँटिबायोटिकच्या आधी निदान पाच जणांचे स्वॅब घ्यायचे. सलाईन थांबवायचं नाही, स्वॅबला मिनिटभर लागतं.

दुसरी मागणी म्हणजे वाढलेला जंतू आम्हाला फेकू देऊ नका. आज माझ्यावर बंधन आहे ते कचरा वेळेत नष्ट करण्याचं. जंतू राखायचं बंधन कुठल्याच कागदावर नाही. साथीतला प्रत्येक जंतू ठरलेल्या प्रयोगशाळेला पाठवल्याशिवाय नष्ट करायचा नाही, असं एका ओळीचं परिपत्रक काढा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, अलिबाग, तिन्हीकडे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर आणि त्याला जनरेटरची जोड, एवढ्यावर संग्रह सुरू होतो. वाचन सुरुवातीला पुण्यात होऊ दे. पुढे इथे करायचं ठरलं तर आता तळहातावर मावणारी यंत्रंही निघाली आहेत. यंत्रापेक्षा त्याचा निकाल समजून घेणारा माणूस मिळणं अवघड आहे, तेव्हा आधी माणसं शिकवा.

खासगी प्रयोगशाळांनाही यात घ्यावं लागेल, आणि इथे एक नवीन घोळ आहे. शहरांत आता जुलाबाच्या रुग्णाची थेट पीसीआर चाचणी होते. दोन तासांत जंतूचं नाव मिळतं, डॉक्टर खूश, पेशंट खूश. पण त्यात जंतू वाढवलाच जात नाही, म्हणजे नाव मिळतं आणि जंतू जातो. चाचणी पॉझिटिव्ह आली की उरलेल्या नमुन्यातून जंतू वाढवून पाठवावा, असा नियम आत्ताच केला नाही तर काही वर्षांनी वाचायला काही उरणार नाही.

अन्न व औषध प्रशासनाला वेगळं सांगायचं आहे. अन्न सुरक्षा कायद्यात कलम ३५ आहे. अन्नविषबाधेची प्रकरणं कळवणं डॉक्टरांना बंधनकारक करता येईल, अशी त्यात सोय आहे. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांसाठी तिचा वापर व्हावा. आणि तुमचे अन्न सुरक्षा अधिकारी बर्फाच्या फॅक्टरीतून, मासळी बाजारातून, हॉटेलांतून जे नमुने उचलतात, त्यांत सापडलेला जंतू "असुरक्षित" असा शेरा मारून संपवू नका. तो रुग्णांच्या जंतूंशेजारी, त्याच फ्रीझरमध्ये आणि त्याच नोंदवहीत आला पाहिजे. बर्फातला जंतू तुमच्याकडे आणि माणसातला आमच्याकडे, असं असेल तर ते जुळतात की नाही हे कोण बघणार?

यावर मला एक उत्तर मिळणार हे ठाऊक आहे, कारण ते मी कानांनी ऐकलंय: "असं खोदत बसलात तर कोकणची बदनामी होईल, पर्यटन बसेल." मला वाटतं, बदनामी आताच होते. कारण सापडत नाही म्हणून संशय सगळ्यांवर राहतो, अख्ख्या गावाच्या पाण्यावर, सगळ्या मासळीवर. नेमकी एक बर्फाची फॅक्टरी सापडली तर ती आठ दिवस बंद करून, टाकी धुऊन, पुन्हा चालू करता येते. इथल्या प्रक्रिया कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या कोळंबीत साल्मोनेला आहे का, व्हिब्रिओ आहे का, हे तपासलं जातं, कारण घेणारे देश त्याशिवाय माल उतरवून घेत नाहीत. त्या तपासणीनं निर्यात बसली नाही. तीच कोळंबी आमच्या बाजारात पाटीत येते तेव्हा तिला विचारणारी फक्त कोळीण असते, आणि ती भाव विचारते.

आता थोडं माझ्याबद्दल. त्या मे महिन्यानंतर मी नळ्या फेकणं बंद केलं. व्हिब्रिओला फ्रिज मानवत नाही, थंडीत तो जिवंत राहूनही प्लेटवर उगवेनासा होतो. म्हणून तो मी मिठाच्या अर्धघट्ट आगरमध्ये टोचून, वर लिक्विड पॅराफिनचा थर देऊन, साध्या कपाटात कुलूपबंद ठेवते. साल्मोनेला आणि ई. कोलाय ग्लिसरॉलमध्ये उणे वीसच्या फ्रीझरला असतात. पावसाळ्यात इथे वीज किती वेळा जाते ते महावितरणला विचारा. जुलैमध्ये दोनदा त्या कुप्या वितळल्या, म्हणून वर्षातून दोनदा सगळ्या नव्यानं लावते. याला कुणाची परवानगी नाही, मनाईही नाही. एकूण एकेचाळीस नळ्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, गाव, काय खाल्लं होतं आणि किती जण आजारी होते ते लिहिलेलं आहे, पेशंटचं नाव कुठेही नाही. तारखेप्रमाणे लावल्या तर त्यांत दोन जागी मला शंका येते, पण शंका घेण्यापलीकडे माझ्या टेबलावर साधन नाही.

येत्या ३१ मे रोजी मी निवृत्त होते. माझ्या जागेवर कोणी येईल की पद रिक्त राहील ते अजून कळलेलं नाही, आणि कपाटाची किल्ली चार्ज लिस्टमध्ये कुठल्या रकान्यात लिहायची हे आमच्या क्लार्कलाही माहीत नाही. या एकेचाळीस नळ्या कुठल्या प्रयोगशाळेत, कोणाच्या ताब्यात द्यायच्या ते लेखी कळवावं. पाठवणीचा खर्च मी करीन. तीन थरांचं पॅकिंग कसं करायचं ते मला येतं.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जिल्हा सिंधुदुर्ग